कडेची माणसं

बसूअण्णांनी डोळ्यांतल्या लेन्स काढल्या, त्या दिवसापासून लोहाऱ्यातल्या फोटोंत माणसं वाढली.

बसूअण्णा आमचे शेजारी आणि गावातले फोटोग्राफर. लग्न असो की दूध सोसायटीची सभा, कॅमेऱ्यामागून तीच आरोळी यायची, "इल्ली नोडी! हिकडं बघा! हसा म्हटलं की मेल्यावानी करता, गप ऱ्हावा म्हटलं की हसता!" घरात कन्नड, चौकात मराठी आणि फोटो काढताना दोन्ही. त्यांचा चष्मा फार जाड. त्यामुळे डोळा कॅमेऱ्याला टेकत नसे आणि चौकटीच्या कडा दिसत नसत. म्हणून त्यांनी सोलापूरला जाऊन मऊ लेन्स बसवून घेतल्या. आमच्याकडं तेव्हा हे कुणी ऐकलंही नव्हतं. अण्णा सांगत सुटले, "म्या चष्मा डोळ्यानं गिळला!"

फोटो नेटके येऊ लागले. चौकटीत घुसणारं पोर त्यांना आधीच दिसे आणि ते त्याला हाकलत.

लेन्स रोज रात्री काढून मिठाच्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या असत. पहिली काही वर्षं अण्णांच्या घरी वहिनींच्या स्टोव्हवर हे इमानदारीनं चाललं. मग दुष्काळ आला. टँकरचं पाणी प्यायलाच पुरेना. अण्णा म्हणाले, "हिरीचं पाणी आयतंच खारट हाय, निराळं मीठ कशाला?" पुढं पुढं तर ते लेन्स घालूनच झोपू लागले. डोळे सदा लाल. मी विचारलं की अभिमानानं म्हणत, "मास्तर, आता डोळ्यात कचरा गेला तरी कळत न्हाय. लई सरावलाय डोळा."

एका सकाळी उजवा डोळा उघडेना. उजवा म्हणजे कॅमेऱ्याचा. मी त्यांना एसटीनं सोलापूरला नेलं. एरवी कंडक्टरशीही गप्पा मारणारे अण्णा वाटेत एवढंच बोलले, "ह्यो गेला तर दुकानाला कुलूप."

डॉक्टरांनी दोन्ही डोळे बराच वेळ तपासले. "डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात रक्त खेळत नाही. तो हवेतूनच श्वास घेतो. तुम्ही रात्रंदिवस त्यावर झाकण ठेवलंत, म्हणून कडेनं रक्तवाहिन्या आत शिरल्यात. त्यात ते घाण पाणी. जखम झालीय."

"पण साहेब, मला तर काही कळत नव्हतं."

"कळेनासं झालं होतं, तोच तर आजार!"

जखम भरायला बरेच दिवस लागले. बुबुळावर एक पांढरा ठिपका राहिला, पण नजर वाचली. लेन्स मात्र कायमच्या बंद. परतताना अण्णा तो जुना चष्मा लावून एसटीच्या खिडकीत बसले. "मास्तर, डोळा बी स्वास घेतो! मला वाटायचं नुसतं नाकच." मग महिनाभर गावात जो भेटेल त्याला हेच.

चष्म्यातून त्यांना आता चौकटीचा मधलाच भाग दिसे. कडेला कोण उभं आहे, ते फोटो धुतल्यावर कळे. दूध सोसायटीच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या फोटोत चेअरमनच्या शेजारी एक म्हैस निघाली.

"अण्णा, उद्घाटन माझं का म्हशीचं?"

"साहेब, दूध कुणाचं?"

चेअरमननी म्हैस कापायला लावली. अण्णा सगळ्यांनाच विचारत, "कडा कापून देऊ का?" बहुतेक जण हो म्हणत.

त्याच उन्हाळ्यात जळकोटला माझं लग्न झालं. वडील मी लहान असतानाच गेले होते. विधवेनं अशा फोटोत उभं राहू नये, असं आईनं स्वतःच ठरवलं होतं. मी हात धरून ओढलं, तरी ती सोडवून मांडवाच्या खांबामागं गेली. "तुम्ही काढून घ्या रे. मी हितनं बघते की."

आठवड्यानं अण्णा फोटो घेऊन आले. मधे मी आणि नवरी, दोघंही मेल्यासारखी. कडेला, खांबाआडून डोकावत, तोंडाला पदर लावून हसणारी आई.

"मावशी मला दिसलीच न्हाय, मास्तर," अण्णा चष्मा पुसत म्हणाले. "दिसली असती तर सवयीनं बाजूला सरक म्हटलं असतं."

कडा कापून देऊ का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

आई पुढच्याच वर्षी गेली. अण्णा या वैशाखात गेले. लग्नाचा तो फोटो समोरच्या भिंतीवर आहे. आईचा दुसरा फोटो नाही.