दोन तासांचं विमान

झाशी स्टेशनच्या चौकशी खिडकीमागे बसून मी अशा थापा मारायचो की उभी इंजिनंसुद्धा शिट्टी गिळून ऐकत. विमानात तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. तरी सदर बाजारात चहा पिताना लोकांना ढगांची चव सांगायचो : गार, जराशी आंबट.

माझी काकू ओरछा गेटजवळ आमच्या शेजारीच राहायची. पुण्याचा तिचा धाकटा भाऊ अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा तिने दुपारच्या थेट गाडीचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुणं. मला मात्र राहवेना.

"काकू, दिवसभर हाडं कशाला खिळखिळी करता? दिल्लीहून पुण्याला विमान दोन तासांत जातं. आकाशात ना क्रॉसिंग, ना सिग्नल. रात्रीच्या गाडीने दिल्ली, सकाळी विमान. तुमच्या या गाडीच्या आधी भावाजवळ."

"तू बसलायस कधी?"

"कितीदा तरी."

तिकीट मीच रद्द करून आणलं.

दिल्लीला आमची गाडी वेळेवर पोचली. मुद्दाम सांगतो, पुढचा दोष रेल्वेचा नाही. काकू म्हणाली, "थेट विमानतळावरच जाऊ रे."

आम्हा रेल्वेवाल्यांची रीत अशी की गाडी हलल्यावरच चढायचं. आधी जाऊन बसतात ते प्रवासी. मी तिला स्टेशनवर पुरी-भाजी खाऊ घातली, वर चहा पाजला. विमान सुटायला दहा मिनिटं असताना ऐटीत विमानतळावर उतरलो.

"काउंटर तो कब का बंद हो गया, बाबूजी."

काचेतून विमान दिसत होतं. "भैया, अभी तो खड़ा है. मैं रेलवे का आदमी हूँ."

"यहाँ पटरी नहीं है."

जागा मिळाली ती थेट दुसऱ्या सकाळची. काकू आवळ्याच्या मुरंब्याची बरणी मांडीवर धरून बाकावर बसली. दुपारी पुण्याची गाडी पोचायची वेळ झाली तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं, आणि तिनेही.

भाऊ त्याच संध्याकाळी गेला. दुपारभर "ताई आली का" विचारत होता म्हणे.

तेरावं उरकून ती परतली. मानिक चौकातले नातलग भेटायला आले, मीही कोपऱ्यात बसलो. कुणीतरी विचारलंच, "विमानाने जाऊनही उशीर कसा झाला?"

आता माझं नाव येणार म्हणून मी मान खाली घातली.

"धुकं होतं," काकू म्हणाली. "विमान उडालंच नाही."

मे महिना होता. बाहेर तापलेली लू अशी वाहत होती की कावळेसुद्धा सावली सोडत नव्हते. माझ्या प्रत्येक थापेवर खो खो हसणारी ती माणसं या वेळी हसली नाहीत. एक म्हातारे तेवढे म्हणाले, "दिल्लीचं काही सांगता येत नाही जी."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.