मोटारीतली जागा

बोंबील गिऱ्हाइकाच्या कानाशी नेऊन ती मोडायची. काटकीसारखा आवाज यायला हवा. "आधी ऐका, मंग भाव करा," म्हणायची. तुमच्यापैकी कुणी त्या काळी लोणावळ्याच्या बाजारात सुकी मासळी घेतली असेल, तर तिच्याकडूनच. आणि नाकाला पदर लावून घेतली असेल, तर चार शब्द ऐकूनच.

ती मूळची अलिबागच्याही खालच्या एका कोळीवाड्यातली. मिठाच्या गाड्या हाकणाऱ्या, मावळातल्या टाकव्याच्या एका गाडीवानाबरोबर ती घाट चढून आली. बापाने शपथ घातली, पोरीने पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही. पुढे नवरा गेला, बाप गेला, तिची बोली पुरती मावळी झाली. शपथ तेवढी राहिली. गावी धाकटा भाऊ होता. त्याची होडी खोल दर्यात जाते, एवढेच तिला व्यापाऱ्यांकडून कळे.

टेकडीवरच्या बंगल्यातला धरण कंपनीचा गोरा साहेब धरणाच्या तळ्यात गळ टाकून कंटाळला होता. त्या तळ्याखाली आमच्या लोकांची भातखाचरे बुडाली होती. आता त्याला सुट्टीत खोल समुद्रातला मोठा मासा हवा होता, तोही दुसरा कुठला साहेब पोचला नाही अशा ठिकाणी. बटलरने मासळीवालीचे नाव सुचवले. मला थोडे इंग्रजी येई, म्हणून तिचा दुभाषा मी.

तिने व्हरांड्याच्या फरशीवर टोपली रिती केली. बोंबलांची रांग म्हणजे किनारा, जवळ्याची मूठ म्हणजे वाळूचा दांडा, एक खारा बांगडा म्हणजे पाण्यातला खडक. मडमेची खुर्ची मागे सरकत सरकत भिंतीला टेकली.

"दिवाळी होऊ द्या, दर्या निवळतो," ती म्हणाली. "खडकाच्या भाएर सुरमई. होडी माज्या भावाची. पर मला मोटारीत घ्या म्हनावं."

"पैसे किती?" साहेबाने विचारायला लावले.

"पैसं नगं. जागा."

साहेब हसून हो म्हणाला.

उतरताना मी म्हटले, "मावशी, आगगाडी आहे, लाँच आहे. मोटार कशाला?"

"चालत गेले तर येशीतच आडवतील, येड्या. सायबाच्या मोटारीतनं उतरले, तर कोन आडवा येतोय?"

धरणाविरुद्धच्या आमच्या पत्रकांतून आम्ही साहेबांच्या मोटारींवर आग पाखडत होतो. तिला त्याच मोटारीचा आडोसा हवा होता.

निघायच्या सकाळी ती नवे लुगडे नेसून फाटकाशी उभी होती. काखेत भावासाठी आंबेमोहोर तांदळाचे गाठोडे. मोटारीच्या मागच्या जागेवर साहेबाची दोन कुत्री पाय पसरून बसली होती. "ठिकाण आता समजलं, तिची गरज नाही, सांग तिला," साहेब मला म्हणाला.

"काय म्हनतोय?" तिने विचारले. मग कुत्र्यांकडे पाहून म्हणाली, "ऱ्हाऊ दे. कळलं."

ड्रायव्हर गावातलाच मुसलमान तरुण, तिला मावशी म्हणणारा. गाठोडे तिने त्याच्या हाती दिले. "भावाला दे. कुनी दिलं ते सांग."

"मी यावर पत्रक काढतो," मी म्हणालो.

"काढ की. पर आदी बाजारात चल, टोपली डोईवर दे."

सुट्टी संपवून साहेब परतला. हातभर सुरमईच्या गोष्टी क्लबात सुरू झाल्या. ड्रायव्हर बाजारात आला, तेव्हा मी तिथेच होतो.

"मावशी, तांदूळ दिला. तुजा भाऊ तितंच वाळूत खाली बसला. निघताना एक आख्खी सुरमई आनली. म्हनला, आक्काला दे, आन् म्हनावं, आता ये."

"मासा कुटाय?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. "वाटंत वास सुटला. मडम वराडली. घाटात फेकाय लावला."

ती बोंबील निवडत राहिली.

"कुटल्या वळनावर?"

त्याने सांगितले. तिने उरलेली मासळी शेजारच्या भाजीवालीच्या पुढ्यात ओतली, टोपली पालथी घातली आणि घाटाकडे चालू लागली. मी हाक मारली. तिने मागे पाहिले नाही.

ती गावी पोचली का, याचा निरोप कुणी आणला नाही. घाटात खडी फोडणाऱ्या मजुरांनी एवढेच सांगितले: एक म्हातारी वळणाखालच्या झुडपात उतरली, कावळ्यांनी साफ केलेला माशाचा एक लांब काटा उचलून पदरात बांधला, आणि खोपोलीच्या अंगाला, कोकणाकडे उतरून गेली.