लाल दिवा आणि भाऊ

जगातल्या एकाही काट्यावर, दिव्यावर किंवा आकड्यावर विश्वास न ठेवणारा, आणि माणसाच्या तोंडून निघालेल्या प्रत्येक शब्दावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवणारा असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे गॅरेजवाले भाऊ. लोणावळ्यात हमरस्त्याला लागून त्यांचं गॅरेज होतं. सातवीतून शाळा सोडलेला मी लातूरकडून भटकत तिथं पोचलो तेव्हा विशी ओलांडली होती. "काम येतं का?" त्यांनी विचारलं. मी "येतं" म्हणालो. चौकशी संपली. गॅरेजमागची खोली मिळाली, दोन्ही वेळा त्यांच्या घरची भाकरी मिळाली, आणि हे आपल्याला कधी काढून टाकतील या धास्तीनं ती भाकरी माझ्या अंगी काही लागली नाही.

पेट्रोलच्या काट्याला भाऊ ज्योतिषी म्हणत. टाकीत काठी बुडवून ओल बघितल्याशिवाय त्यांची गाडी हलत नसे. स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रानं एकदा त्यांना बहात्तर किलो सांगितलं. भाऊंनी ते तिकीट फेकलं आणि शेजारच्या हमालाला विचारलं, "मी कितीचा वाटतो रं?" हमाल म्हणाला, "साठेक." तेव्हापासून भाऊ साठ किलोचे, अगदी डॉक्टरपुढंसुद्धा. उलट एका गिऱ्हाइकानं "ब्रेक उत्तम आहेत" म्हटलं म्हणून ते त्याची गाडी घेऊन निघाले ते थेट कुणाच्या तरी भातखाचरात जाऊन थांबले. चिखलातून वर येत म्हणाले, "त्याला ठावं नसंल. खोटं कशाला बोलंल?"

सत्तर सालाच्या आसपास मुंबईच्या एका शेटजींची घरगाडी आमच्याकडे आली. बसच्या सांगाड्यात पलंग, स्वयंपाकघर, संडास, सगळं. घाण पाण्याची टाकी खाली, आणि ती किती भरली ते सांगायला ड्रायव्हरपुढं तीन दिवे. टाकीत तीन उंचींवर पितळी काड्या होत्या. पाणी काडीला टेकलं की तिचा दिवा लागायचा. पण टाकी रिकामी केली तरी वरचा लाल दिवा विझेना. भाऊंनी गाडीखालची तार सोडवली, दिवा विझला. जोडली, लागला. "दोष टाकीतच हाय. काड्यांवर ओला लेप बसला असंल, दिव्याला त्योच पानी वाटतुया. धुवाय पायजे."

असलं काम भाऊ कुणाला सांगत नसत. त्यांचं घर टाकव्याकडचं, छप्पन साली बौद्ध झालेलं. "आमच्या आज्याला समदा गाव घानच सांगायचा," ते म्हणत, "मी ती दुसऱ्याला सांगनार न्हाई." पण त्या आठवड्यात त्यांची कंबर धरली होती. मी म्हणालो, "भाऊ, मी धुतो." खाल्ल्या भाकरीला जागावं, इतकंच मनात होतं.

"जमंल का? न्हाई म्हनलास तरी चालंल."

"जमेल."

टाकीचं झाकण मी सैल केलं. वास आला, पण हात मागे आला तो वासानं नव्हे. हे घरी कळलं तर पाण्याच्या माठाला शिवू देणार नाहीत, असं मनात आलं. मी झाकण पुन्हा आवळलं, बाहेरून बादलीभर पाणी मारलं आणि भाऊंना दिसेल अशा ठिकाणी बसून बराच वेळ साबणानं हात धूत राहिलो.

"धुतलीस?"

"धुतली."

पुढचे तीन दिवस भाऊंनी त्या गाडीची आतडी बाहेर काढली. वायर बदलली, रबरी वायसर बदलले, दिव्यांचा डबा उघडला. दर तासाला तार सोडवून बघायचे आणि पुटपुटायचे, "दोष टाकीतच दिसतोय. पन टाकी तर धुतलीया. म्हंजे माझंच डोकं चुकतंय." शेटजींचा ड्रायव्हर बिडी ओढत म्हणाला, "मिस्त्री, फुंकर मारून बघा, विझला तर विझला." सगळं गॅरेज हसलं. मीही हसलो.

चौथ्या दिवशी शेटजी स्वतः आले, तेव्हा भाऊ कंबर धरत गाडीखाली शिरले आणि त्यांनी झाकण उघडलं. मी शेजारीच उकिडवा बसलो होतो. काड्यांवर बोटभर काळपट लेप होता. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "चिंध्या दे," एवढंच म्हणाले. खरवडून, पुसून बाहेर आले तेव्हा दिवा विझला होता.

"काय होतं शेवटी?" शेटजींनी विचारलं.

"काड्या धुवायच्या ऱ्हायल्या व्हत्या. चूक माझी."

शेटजी जे बोलायचं ते बोलले. भाऊंनी मान खाली घालून ऐकलं. मी खाली पडलेल्या चिंध्या गोळा करत राहिलो. मग मी तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालू लागलो, तर म्हणाले, "जरा लांबनं घाल. शितुडं उडतील तुझ्यावर."

दुसऱ्या दिवशी एका ट्रकचं चाक मी बसवलं. "नट आवळलं का?" भाऊंनी लांबूनच विचारलं. मी "आवळले" म्हणालो. त्यांनी हात हलवून ट्रक सोडला. नट घट्टच होते. पुढची सहा वर्षं ते असंच विचारत राहिले, मी सांगत राहिलो, आणि सांगून झाल्यावर दर वेळी गुपचूप परत जाऊन बघत राहिलो. आता भाऊ नाहीत. त्यांनी एकदा, एकदा तरी वाकून स्वतः बघायला हवं होतं.