आईचं अळणी जेवण आणि माझा वजनकाटा

आईचा रक्तदाब काही केल्या उतरेना. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, बायकोने तिच्यासाठी सगळं अळणी शिजवायला घेतलं, तरी आकडा जागचा हलेना. "पुढच्या खेपेला उतरला नाही, तर गोळी वाढवू," डॉक्टर म्हणाले. आईला आहे त्याच गोळीने गरगरायचं. ती घाबरली आणि मी कामाला लागलो.

कामाला लागलो, म्हणजे एका अभ्यासक्रमाला नाव घातलं. कुणी काय खाल्लं हे शोधायचंही शास्त्र असतं आणि ते अलिबागला शनिवार-रविवारी शिकवतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मुरुडहून एसटीने आदळत-आपटत जायचं, माझ्या मुलीच्या वयाच्या मॅडमसमोर वही उघडायची, आणि परत येऊन आपल्याच स्वयंपाकघरात संशोधन करायचं.

"घरात कोण काय खातं ते बघायला अलिबागला कशाला जायला हवं?" बायको म्हणाली. अशास्त्रीय प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

पहिली पद्धत आठवणीची. माणसाला कालचं जेवण शांतपणे आठवू द्यायचं, आपण सुचवायचं नाही.

"आई, काल काय काय खाल्लंस?"

"तुझ्या बायकोनं वाढलं ते."

"म्हणजे काय?"

"गवत."

"आणखी काही?"

"न्हाय रे बाबा. पोलिसात लागलास काय?"

मॅडम म्हणाल्या, "सर, आठवणीवर विसंबू नका. वजन करा." मी काटा आणला. ताटात वाढलेलं मोजायचं, जेवून उरलेलं मोजायचं, वजाबाकी केली की पोटात गेलेलं हाती येतं. इतकं सोपं. फक्त माझं मोजून होईपर्यंत भात गार व्हायचा आणि बायको गरम.

मी स्वतःलाही सूट दिली नाही. मला आमटीभाताबरोबर भाजलेला खारा बांगडा लागतो. मीठ आईचं बंद झालं होतं, माझं नाही. मधलं मांस तेवढं खायचं आणि डोकं, शेपटी, काट्याला चिकटलेलं ताटात ठेवायचं, ही माझी लहानपणापासूनची ऐट. ते उरलेलं मी इमानाने वजनकाट्यावर ठेवायचो, टिपून घ्यायचो, परत ताटात टाकायचो आणि बाहेरच्या खोलीत वजाबाकीला बसायचो. ताट आई उचलायची. "मांजराला घालते," म्हणायची.

आईच्या खाण्यात मीठ जवळपास नव्हतंच. मॅडमनी माझे कागद पाहून मान डोलावली. "काम फार नीटनेटकं आहे, सर." नीटनेटकं होतंच. फक्त रक्तदाबाला ते कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा चष्मा काट्यापाशी राहिला म्हणून मी मागे फिरलो. मोरीजवळ पाटावर आई बसली होती. मांडीवर माझं ताट, तोंडात बांगड्याचं डोकं, चेहऱ्यावर परमानंद.

आमच्याकडे मांजर नाही, हे मला त्या क्षणी आठवलं.

"आई! अगं ते सगळं मीठ आहे!"

तिने घाई न करता डोकं चोखून संपवलं. "दर्याकाठी जन्मलास आणि एवढा मासा टाकतोस? मग कोण खाणार तो?"

"पण तुला मीठ बंद आहे ना!"

"मी कुठं काय वाढून घेतलंय? तुझं उरलेलं हाय ते. तूच वजा केलंस न्हवं?"

माझ्या पद्धतीत उरलेलं म्हणजे संपलेलं. आमच्या घरात तिथून आईचं जेवण सुरू होत होतं, आणि मी ते रोज स्वतःच्या हाताने मोजून तिच्यापुढे ठेवत होतो. बायको हसायची थांबेपर्यंत आमटीही गार झाली.

खारा बांगडा घरातून हद्दपार करावा, असं मी सुचवलं. आईच आडवी आली. "पोराच्या तोंडचा घास माझ्यापायी नको." शेवटी ठरलं, बांगडा आला तर मी तो डोक्यासकट संपवायचा.

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "उतरलाय. आहे तीच गोळी चालू ठेवू." आईने सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिचं काहीतरी मी लुबाडलं होतं.

आता मी जेवायला बसलो की ती समोर पाट घेऊन बसते. काटा माळ्यावर गेला. त्याची गरज उरलेली नाही. माझ्या ताटावरून तिची नजर हलत नाही.

"डोळ्यामागचं ऱ्हायलंय," ती म्हणते. "चोख नीट."