फाईलमधली विहीर

धारूरजवळच्या आमच्या गावात मी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं छोटं दुकान चालवते. गेल्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीचा शिपाई पाणलोटाच्या कामाचा नकाशा छापायला घेऊन आला. पीडीएफ फाईल होती. छापून दिली, तो गेला; फाईल मात्र मी उघडीच ठेवली. कडेला थरांची यादी दिसत होती: रस्ते, ओढे, बांध. 'जुन्या विहिरी' हा थर बंद होता. चालू केला तशी नकाशावर निळे ठिपके उमटले. एक ठिपका तर डोंगराच्या उतारावर! तिथं विहीर असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या. त्यांच्या शेळ्या त्याच डोंगरावर चरतात आणि पाण्यासाठी दिवसातून दोनदा त्यांना खाली आणावं लागायचं. काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"आमच्या सासूबाई सांगायच्या, तिथं हीर हाय म्हणून. लई हुडकली, न्हाई घावली."

मग मला हट्टच चढला. अशा फाईलमध्ये प्रत्येक ठिपक्याचे अक्षांश-रेखांश साठवलेले असतात आणि ते बाहेर काढता येतात, एवढं शोधल्यावर कळलं. नकाशांचं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तीन दुपारी खपून ठिपके वेगळ्या फाईलमध्ये काढले आणि फोनमध्ये टाकले. उघडून बघते तर आमच्या साऱ्या विहिरी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात!

"कावून हसायलीस?" दुकानात डोकावत काकूंनी विचारलं. मी दाखवलं.

"लई लांब गेलं की पाणी."

अक्षांशाच्या जागी रेखांश पडले होते. आकड्यांची अदलाबदल केली आणि विहिरी गावात परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डोंगर चढलो. फोन सांगत होता तिथं नुसती घाणेरीची झुडपं माजलेली. काकूंनी कितीतरी वर्षं ऊस तोडलेला. कोयता सपासप चालवत त्या आत शिरल्या. दहा-बारा पावलांवर दगडी काठ लागला. मी खडा टाकला. खालून 'डुबुक' आलं.

काकूंनी वाकून आत बघितलं. "सासूबाई खरंच सांगत होत्या की गं," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत हसत राहिल्या.

गावातल्या बायकांनी आठ दिवसांत झाडोरा काढला, पंचायतीनं कठडा बांधून बाजूला हौद केला. आता काकूंच्या शेळ्या वरच पाणी पितात आणि काकू दुपारी कडुलिंबाखाली निवांत आडव्या होतात.