लाल धाग्याची किटली

त्या चहावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. शेजारशेजारच्या तीन जिल्ह्यांनी मिळून लोकांच्या आरोग्याची पाहणी करायचं ठरवलं होतं. बैठका नागपुरात व्हायच्या आणि टिपणं घ्यायला मी असायचो. तो एक लहान, एक मोठी अशा दोन किटल्या घेऊन यायचा. एकीच्या कडीला लाल धागा बांधलेला, ती बिनसाखरेची. कोणाला कुठली, हे तो एकदाच विचारी आणि पुढे कायम लक्षात ठेवी. मी साखरेवाल्यांत होतो.

पाहणीत कोणता आजार आधी घ्यायचा, यावर एक अख्खी दुपार गेली. मधुमेहाचं नाव निघालं की प्रत्येक जिल्ह्याचे साहेब शेजारच्याकडे बोट दाखवत. "आमचे लोक शेतात राबतात, हे दुखणं तुमच्याकडचं," असं म्हणत तिघांनीही लाल धाग्याचा चहा घेतला आणि त्यावर संत्रा बर्फी.

चहावाला दाराशी उभा राहून गालातल्या गालात हसत होता.

"काहून हसून राहिले, भाऊ?" मी विचारलं.

"काही नाही साहेब," तो हळूच म्हणाला. "पहिले लाल धागा लहान किटलीले होता. आता मोठीले बांधा लागला."

हे टिपणात लिहावं का, याचा विचार करत मी दुसरी बर्फी उचलली आणि कप पुढे केला. त्याने बर्फीकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि काही न विचारता लाल धाग्याची किटली वाकवली.