पायाळू अण्णाराव आणि चमचमची चिंच

अण्णारावांची आठवण झाली की मला आधी राग येतो. त्यांचा नाही. त्यांच्या भोवती जे जे उभे होते त्या सगळ्यांचा, आणि त्यात मीही आले.

अहमदपूरच्या कॉलेजात ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. शिक्षण दहावी नापास, पण तारा उलट्या जोडल्या की सरांच्या आधी त्यांच्या लक्षात यायचं. "पोरी, तारंला अक्कल न्हाई, तुला तर हाय न्हवं?" असं म्हणत ते माझ्या हातातून पेचकस काढून घेत आणि जोडणी दाखवून पुन्हा सोडून देत, म्हणजे मला स्वतःला जोडावी लागे. आज मी लोहा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर पाचवीला शिकवते. ते मामांमुळे, असं म्हटलं तर आमच्या प्राध्यापकांना वाईट वाटेल. वाटू दे.

मामा पायाळू होते. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेले. अशा माणसावर वीज हमखास पडते, असं आपल्याकडे अजून मानतात. ढग गडगडले की पायाळूला घोळक्यातून उठवून लांब बसवायचं, ही जुनी रीत. आणि गंमत बघा, त्याच पायाळूची लाथ पाठीला लागली की भरलेली चमक उतरते, हीसुद्धा त्याच लोकांची समजूत. पावसात ज्या पोराला दारातून हाकलायचं, त्यालाच ऊन पडल्यावर बोलावून आणायचं आणि त्याच्यापुढे पाठ करून पालथं पडायचं. मामा हसून सांगायचे, "निम्म्या गावाला लाथा घातल्यात म्या. पर मनापासून एक बी घालता आली न्हाई."

त्या हसण्याखाली काय होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. रेणापूरकडचं त्यांचं गाव. ते नऊ वर्षांचे, बहीण सिंधु बारा वर्षांची. मृगातली दुपार, शेतात सात-आठ जण कामाला, आणि आभाळ एकदम भरून आलं. सगळे बांधावरच्या चिंचेखाली धावले. हा पोरगाही धावला. तर चुलती ओरडली, "त्या पायाळूला लांब बसवा!" सिंधुनं आपल्या डोक्यावरची गोणपाटाची खोळ काढून भावाला घातली आणि त्याला उतारावरच्या चरीत नेऊन बसवलं. स्वतः परत झाडाखाली गेली. वीज चिंचेवर पडली. सिंधु आणि एक चुलता जागच्या जागी गेले. चरीतला पोरगा वाचला.

गाव काय म्हणालं? पायाळू होता म्हणून वीज आली. अजून लांब बसवायला पाहिजे होतं.

"मला झाडाखालून हाकललं म्हणून म्या जगलो," मामा म्हणाले होते. "त्याहिला झाडानं मारलं. पर हे सांगायचं कुणाला?"

सांगायला त्यांनी यंत्र केलं. निवृत्तीनंतर दोन वर्षं खपून, भंगारातून. वर ढगाच्या जागी धातूचा गोळा, खाली टेबलावर एक गाव: पक्कं घर, शेत, चर, एसटी, तारेची उंच चिंच आणि बोटभर उंचीची मातीची माणसं. हँडल फिरवलं की गोळ्यावरून कडकडून ठिणगी सुटायची आणि प्रत्येक वेळी चिंचेवर पडायची. चिंचेखालच्या बाहुल्यांच्या डोक्यातले लाल दिवे लागायचे. एक बाहुली हिरवी रंगवलेली, ती पायाळू. मामा पोरांना विचारायचे, "ह्याला कुठं ठिवू?" पोरं म्हणतील तिथं ठेवायचे. ठिणगी त्याला शोधत कधीच आली नाही. चिंचेखाली ठेवला तर तोही बाकीच्यांसारखाच लाल व्हायचा. आणखी एक बाहुली होती, डोक्यावर गोणपाटाची चिंधी असलेली. तिला मात्र ते आधीच पक्क्या घरात ठेवून दार लावायचे, आणि ती कुणी मागितली तरी द्यायचे नाहीत.

अहमदपूर-लोहा रस्त्यावर हरिओमशेठनं 'ज्ञानगंमत पार्क' काढलं तेव्हा मामांना मानानं बोलावणं आलं. हरिओम लातूरचा. शाळांच्या सहली मिळवायच्या तर पाटीवर 'ज्ञान' लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक. मामांच्या टेबलाला 'वीजघर' नाव पडलं. मी पहिल्याच वर्षी मुलं घेऊन गेले. खरं सांगायचं तर मामांचंही चुकत होतं. पोरं टेबलावर वाकली की ते खेकसायचे, लाल दिवे लागले की "मेले! बगा, मेले!" म्हणून ओरडायचे. माझ्या वर्गातल्या दोन मुली रडायला लागल्या. मी त्यांना म्हटलंही, "मामा, जरा हसत सांगा की." ते म्हणाले, "इजंत हसण्यासारखं काय हाय, बाई?"

मग चमचम आली. पिवळा झगा, बशीएवढे डोळे, डोक्यावर लखलखती शेंडी. हैदराबादहून कुणाकडून तरी हरिओमनं सहा मिनिटांचं कार्टून करून आणलं. खुर्च्या हलतात, अंगावर पाण्याचा फवारा येतो, आणि पडद्यावर पावसात झाडाखाली कुडकुडणाऱ्या मुलांकडे विजेची ही पोर ढगातून उतरते, फांदीवरून घसरते आणि म्हणते, 'भिऊ नका, मी तुमची मैत्रीण!' मग झाडाखाली सगळ्यांचा नाच.

झाडाखाली! ज्या भागात दर उन्हाळी पावसाला शेतातली माणसं झाडाखाली मरतात, त्या भागातल्या लेकरांना हा माणूस तिकीट घेऊन झाडाखाली नाचायला शिकवत होता. आणि तेवढ्यावर भागलं नाही. पार्कात एक जुनी, आभाळाला टेकलेली चिंच आहे. तिच्या बुंध्याशी लोखंडी सांगाड्यावर बारा फुटी चमचम उभी केली, फोटो काढायला.

मामा भांडले. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. भांडून झाल्यावर ते घरी गेले, तीन दिवस बसले आणि चमचमसाठी चार वाक्यं लिहून घेऊन आले. मी तो कागद पाहिलाय. 'मी येताना दिसले की झाड सोडा. मला उंच झाडं आवडतात. पक्क्या घरात नाहीतर बंद गाडीत जाऊन बसा. मग मी एकटीच नाचते, तुम्ही खिडकीतून बघा.' कार्टूनवर दात खाणाऱ्या माणसानं कार्टूनच्या तोंडात बसेल असं लिहिलं होतं! हसत सांगा म्हटलं होतं ना मी, तर तेही केलं.

हरिओमनं कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला. "काका, पोरं मजा करायला येतात. त्यांना कामून भेव घालून राहिलात?" पुढच्या आठवड्यात वीजघराचं टेबल गोदामात गेलं, त्याला कुलूप लागलं, आणि मामांना फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. पाटीवर 'ज्ञान' तसंच राहिलं.

यंदाच्या फेब्रुवारीत मी पुन्हा सहल नेली. का नेली? मुलांनी चमचमचा हट्ट धरला म्हणून. सगळं ठाऊक असताना नेली, हे इथं लिहून ठेवते. बरोबर आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या केवळाबाई होत्या. त्यांचं माहेर नेमकं मामांच्या गावचं. फाटकावर मामांना पाहून त्या माझ्या कानाशी लागल्या, "बाई, पायाळू अण्णा हाय त्यो. आभाळ बरं न्हाई आज, लेकरं लांब ठिवा त्याच्यापसून." मी त्यांना झिडकारलं आणि विसरून गेले.

तीनच्या सुमाराला अवकाळी आभाळ आलं. मी एसटीपाशी डबे मोजून चढवत होते. पहिला मोठा कडकडाट झाला आणि मागं पाहते तर माझा अख्खा वर्ग चिंचेखाली. नुसता माझा वर्गच नाही, आणखी वीस-पंचवीस आयाबाया, त्यांची लेकरं, केवळाबाई. पोरं वर फांद्यांकडे बघत ओरडत होती, "चमचम येणार! चमचम येणार!" भोंग्यावर तिचंच गाणं चालू होतं.

मी शिट्टी फुंकली. ओरडले. दोघांना दंडाला धरून बाहेर ओढलं, तर ती सुटून परत आत. एक बाई मलाच म्हणाली, "अवं भिजतील की लेकरं!" तेवढ्यात फाटकावरून मामा धावत आले, चौसष्ट वर्षांचा माणूस, चप्पल हातात घेऊन. "निगा! झाडाखालून निगा! इमारतीत जा, गाडीत जा!" कुणी हललं नाही. तिकिटं फाडणाऱ्याचं कोण ऐकतं?

मामा झाडापासून दहा पावलांवर थांबले. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग घोळक्यातल्या केवळाबाईंकडे बोट करून असे ओरडले की भोंगा झाकला गेला.

"केवळे! वळखलंस न्हवं मला? म्या पायाळू हाय! म्या येऊन राहिलो तुमच्या झाडाखाली!"

आणि ते एक एक पाऊल पुढं टाकू लागले.

केवळाबाईंनी किंकाळी फोडली. "पायाळू आला! पळा, पळा! ईज पडंल!" आयांनी लेकरं काखेत मारली. पोरं जी सुटली ती थेट एसटीत आणि चमचमच्या चित्रगृहाच्या पक्क्या इमारतीत. अर्ध्या मिनिटात झाड रिकामं. माझ्या शिट्टीनं झालं नाही, विज्ञानाच्या टेबलानं झालं नसतं, ते त्या एका शब्दानं झालं. ज्या शब्दाविरुद्ध या माणसानं सगळा जन्म घालवला, तोच त्यानं आपल्या तोंडानं आपल्याच कपाळावर लावून घेतला.

मामा सगळ्यांच्या मागून एसटीकडे आले. केवळाबाईंनी आतून दार ओढून धरलं. "ह्याला घिऊ नका, बाई! लेकरं हायती आत!" मी त्यांचा हात ओढला, दार थोडं उघडलं. मामांनी बाहेरूनच हातानं खूण केली: बसा, बसा. मग रस्त्याकडेच्या चरीत उतरले आणि पाय जवळ घेऊन, डोकं गुडघ्यात घालून उकिडवे बसले. पाऊण तास ते तसेच होते. मी खाली उतरले नाही. उतरायला हवं होतं, आणि उतरले नाही.

वीज चिंचेवर पडली नाही. लांब कुठल्यातरी माळावर पडली. उघडीप झाल्यावर हरिओम छत्री घेऊन आला. "झालं का काही? उगं गिऱ्हाईक पळवलं." त्यानं मामांना तिथंच, ओल्या कपड्यांत, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तोंडाला जे आलं ते मी त्याला बोलले. माझ्या मुलांसमोर बोलले, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.  मामा एसटी सुटताना एवढंच म्हणाले, "पोरं जगली न्हवं? मग बोंबलू द्या."

सोमवारी मी वर्गात विचारलं, सहलीत काय शिकलात? बहुतेकांनी चमचमचं गाणं म्हटलं. मग ऋतुजानं हात वर केला. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी.

"बाई, ईज चमकली की आदी बगायचं, आपल्यात पायाळू कोण हाय. अन् त्याला लांब बसवायचं."

"हाव बाई," दोन-तीन पोरं म्हणाली. ऋतुजानं मागं बोट दाखवलं. "आपल्या वर्गात शिवशंकर हाय. त्याच्या आजीनंच सांगितलं."

मी पाहिलं. शेवटच्या बाकावर शिवशंकर एकटा होता. शुक्रवारपर्यंत त्याच्या शेजारी बसणारा पोरगा आज पुढच्या बाकावर तिघांत दाटीवाटीनं बसला होता. शिवशंकर वहीत बघत होता. वही कोरी होती.

मधल्या सुट्टीची वाट न बघता मी व्हरांड्यात जाऊन मामांना फोन लावला. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.  

"हे म्याच केलं," मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही नसता तर..."

"त्ये राहू द्या. म्याच केलं. आता म्याच निस्तरणार. उद्याच्या पहिल्या गाडीनं येतो. टेबल घिऊन येतो."

"टेबल गोदामात आहे ना? कुलूप आहे त्याला."

"कुलूप त्याचं हाय, टेबल माझं हाय. फोडतो." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "अन् बाई, ऐका. त्या पोराला पुढच्या बाकावर आणून बसवा, सगळ्यांच्या मधात. आत्ताच्या आत्ता. उद्याची वाट बगू नका."